पिवळ्या तापाची लस आणि मामांची माळ

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि मामांच्या घरात अंड्याला मज्जाव होता. या दोन्ही गोष्टी मला लग्न ठरतानाच एका दमात ऐकवल्या गेल्या. मी बारामतीची. वडील कचेरीत नोकरीला, घरात रविवारी मटण आणि एरवी अंडी, पण हे सासरी कुणी सांगितलं नव्हतं. ही पोरगी तिकडं कशी टिकणार म्हणून आईच्या जिवाला घोर लागला होता. मला नव्हता लागला. नवरा वालचंदनगरला साखर कारखान्यात पॅनमन होता, म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा पाडणारा, आणि त्याला तिथं क्वार्टर मिळाली होती. सासर इंदापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. मधलं अंतर मला पुरेसं वाटत होतं.

क्वार्टरमध्ये आम्ही अंडी खायचो. नवराच वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. माळकऱ्याचा मुलगा, पण कारखान्याच्या कॅन्टीननं त्याला केव्हाच बिघडवला होता. टरफलं मी जास्वंदीच्या बुडात पुरायची आणि त्या जास्वंदीला शेजारणी नावाजतील अशी फुलं यायची. मामा येणार असल्याचा निरोप आला की तवा राखेनं घासायचा, वर लिंबू फिरवायचं, खिडक्या सताड उघड्या टाकायच्या. मामा यायचे, चहा प्यायचे, देवाला हात जोडायचे आणि म्हणायचे, "संसार निर्मळ हाय पोरी तुजा." मी मान खाली घालायची आणि नवरा दाराकडं बघत हसू दाबायचा.

मामांचं सोवळं वरवरचं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती. पावसाळ्यात इकडं, उन्हाळ्यात कोकणाच्या वाटेला, असं त्यांचं अर्धं आयुष्य कळपामागं गेलं. जत्रेत बोकड कापायला त्यांनाच बोलवायचे. मग एका साथीत कळप संपला, मामांनी उरलेली चार मेंढरं विकली, शेती धरली आणि माळ घातली. लोक म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. मामांनी कांदालसूणसुद्धा सोडला. परगावी गेले तर ज्या हॉटेलात भज्यांच्या कढईशेजारी आम्लेटचा तवा असेल तिथला चहाही प्यायचे नाहीत. अशा माणसाला आम्ही दोघं फसवत होतो, आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्यात मजा वाटत होती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमच्या भागातले साखरेतले बरेच जण आफ्रिकेला गेले. तिकडं कारखाने होते आणि दाणा ओळखणारे हात नव्हते. माझा नवरा युगांडाला गेला. बस्तान बसलं की मला बोलवून घेणार होता, म्हणून माझा पासपोर्टही आधीच काढून ठेवला. क्वार्टर सोडावी लागली आणि मी सासरी राहायला आले. लग्नाला दोन वर्षं झाली होती, अजून मूलबाळ नव्हतं. वाट बघणं एवढंच काम होतं.

गावात फोन एकच, दूध डेअरीत. एका दुपारी डेअरीतनं बोलावणं आलं. फोनवर वालचंदनगरचाच एक फिटर होता, नवऱ्याच्या सोबत तिकडं गेलेला. वाफेचा पाइप फुटला होता. नवऱ्याचे दोन्ही पाय आणि कमरेपर्यंतचं अंग भाजलं होतं. "जीव वाचलाय वहिनी," तो ओरडून सांगत होता, कारण आवाज तुटत होता, "पण गडी जगायचं मनावर घेईना. जेवत न्हाय. भिंतीकडं तोंड करून पडतोय. डॉक्टर म्हणत्यात, पोटात अन्न गेलं न्हाय तर जखमा भरायच्या न्हायत. तुमी या. तुमचंच ऐकंल त्यो. तिकीट कारखाना देतोय."

मी डेअरीच्या पायरीवर बसले. समोर कॅनं धुतली जात होती. माझ्या मनात एकच विचार होता, आत्ता उठून जायचं. कुठल्या दिशेला युगांडा आहे हेही मला ठाऊक नव्हतं, पण कुणी सांगितलं असतं तर मी चालत निघाले असते.

युगांडाच्या कारखान्याचं मुंबईत ऑफिस होतं. तिथल्या माणसानं फोनवर सांगितलं की तिकिटाची अडचण नाही, पण पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागेल. त्याशिवाय विमानात घेत नाहीत. आणि लस टोचली की लगेच चालत नाही, कार्ड दहाव्या दिवसापासून लागू होतं. मी त्याला म्हणाले, "अहो, माझा माणूस तिकडं मरतोय." तो म्हणाला, "मला कळतंय ताई, पण विमानतळावरच्या माणसाला काय सांगू?" तो बिचारा खरंच चांगला होता. मला मात्र त्या क्षणी त्याचा, त्या तापाचा आणि ज्यानं कुणी दहा दिवस ठरवले त्याचा इतका राग आला की रिसीव्हर आपटला. डेअरीवाल्यानं तो उचलून नीट ठेवला.

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात विचारलं. तिथल्या नर्सनं कागदावर नाव लिहून घेतलं आणि कावीळ का, असं विचारलं. बारामतीला गेले. तिथले डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "आपल्याकडं धनुर्वाताची आहे, पोलिओची आहे, कुत्रं चावल्यावरची आहे. ही नाही. हा ताप आपल्या देशातच नाही, तर लस कोण ठेवणार?" त्यांनी मुंबईला दोन फोन लावले आणि एका सरकारी केंद्राचा पत्ता दिला. आठवड्यातून एकच दिवस टोचतात, असंही सांगितलं. तो दिवस परवाच होता. चुकला असता तर आणखी एक आठवडा, आणि त्यापुढे ते दहा दिवस. फिटरचा रोज फोन येत होता. रोज तेच, जेवत न्हाय.

घरात मामा सगळ्यांना धीर देत होते. सासूबाई चुलीशी बसून रडायच्या आणि मामा म्हणायचे, "आपल्या घरात कदी वावगं झालं न्हाय. देव आपलं वाईट करायचा न्हाय." ते असं म्हणाले की मी कळशी घेऊन बाहेर पडायची. मला ती जास्वंद दिसायची. मी शिकलेली बाई, अंडी खाल्ली म्हणून वाफेचा पाइप फुटत नाही हे मला कळत होतं. पण मामांना कळलं तर त्यांच्या लेखी तो त्यामुळंच फुटला असता. मी ठरवलं, हे तोंडातून बाहेर काढायचं नाही. मेले तरी नाही.

मुंबईला मामाच सोबत निघाले. सुनेला एकटीला कसं पाठवणार. भिगवणहून गाडी होती. स्टेशनबाहेर धरणातल्या ताज्या मासळीच्या कढया उकळत होत्या, आम्लेटपाव होता. मामांनी उपरणं नाकाला लावलं आणि भरभर पुढं गेले. मी दोन दिवस धड जेवले नव्हते. त्या वासानं तोंडाला पाणी सुटलं आणि स्वतःचीच लाज वाटली, की नवरा तिकडं अन्न टाकून पडलाय आणि हिची जीभ बघा. गाडीत मामांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. आम्ही ती निम्मी निम्मी खाल्ली.

केंद्रावर बाकडी होती, मोजकी माणसं होती. बोटीवर जाणारे, एक व्यापारी, मुलाकडं निघालेली एक म्हातारी. नर्सनं समजावून सांगितलं की एका बाटलीत बऱ्याच जणांची लस असते. पुरेशी माणसं जमली की बाटली फोडतात आणि तासाभरात संपवतात. उरली तर फेकून देतात, मागनं कुणी आलं तर त्याच्या एकट्यासाठी नवी फोडत नाहीत. माणसं जमली. बाटली फोडली. माझा नंबर शेवटून दुसरा होता. आत गेले तेव्हा मामाही मागोमाग आले.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. खाली बघून एकेक विचारत होत्या. ताप आहे का, दिवस गेलेत का, कुठलं औषध सोसत नाही असं आहे का. मग म्हणाल्या, "अंडी खाता?"

आमच्याकडे रीत अशी की सून सासऱ्याबरोबर असली की प्रश्न सुनेला आणि उत्तर सासऱ्याचं. बँकेत तेच, कचेरीत तेच. मी तोंड उघडायच्या आत मामांनी दोन्ही कानांना हात लावले. "न्हाय न्हाय बाई. आमच्या घरात शिवत न्हाय. पोरीनं जल्मात तोंडात घातलं नसंल." ते अभिमानानं बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज ताठ होता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, त्या म्हणाल्या. काही जणांना अंडं सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, कधी श्वास कोंडतो, माणूस दगावतोही. यांनी कधी खाल्लंच नसेल तर सोसतं की नाही हे कळणार कसं? "मी टोचणार नाही. तुमच्याकडं तपासणी करून डॉक्टरांची चिठ्ठी आणा. पुढच्या आठवड्यात या."

मामांचा चेहरा उतरला. अंड्यातली लस आहे याचा त्यांना धक्का बसला की नाही म्हणाल्याचा, मला कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी जमिनीकडं. पुढचा आठवडा, मग दहा दिवस. तेवढं तो टिकणार नव्हता. मला ते आतून पक्कं माहीत होतं. आणि तरी मी फरशीवरनं नजर उचलली नाही. नवरा मरतोय आणि मला सासऱ्यांची भीती वाटतेय, असली मी बाई. बाहेर नर्सनं पुढचं नाव पुकारलं.

"मी खाते," मी म्हणाले.

"आत्ताच नाही म्हणालात."

"ते म्हणाले. मी खाते. आठवड्यातनं दोनदा तरी खायचे. काही होत नाही मला."

"बाई, टोचणार नाही म्हटलं की सगळेच खायला लागतात," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "उद्या तुम्हाला काही झालं तर मी काय उत्तर देऊ?" त्यांचं चुकत नव्हतं. मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता, पण त्यांचं चुकत नव्हतं.

मामा हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगतीस?"

"व्हय मामा."

"आन त्यो?"

"ते पण."

मामा मागं सरकले. उपरणं खांद्यावर टाकलं आणि बाहेर निघून गेले. मी मागं धावले तोवर ते रस्त्याच्या गर्दीत दिसेनासे झाले. पिशवी त्यांच्याकडं होती, पासपोर्ट त्यांच्याकडं होता. मी बाकड्यावर येऊन बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. सगळं एकदमच हातातनं गेलं होतं. लस गेली, सासरं गेलं, आणि तो तिकडं भिंतीकडं तोंड करून पडलेला. आता घरी जाऊन मामा सासूबाईंना काय सांगतील, हे मला आत्ताच ऐकू येत होतं. माझ्या मागच्या माणसाला टोचून झालं. नर्सनं आत बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, एक राहिली. मग तिनं घड्याळाकडं बघितलं.

त्या वेळी मामा दारातनं आत आले. हातात वर्तमानपत्राचा पुडा होता. माझ्याकडं न बघता ते तडक डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी गेले आणि पुडा उघडला. उकडलेली दोन अंडी. रस्त्यावरच्या कुठल्यातरी गाडीवरनं आणलेली.

"बाई, ही तुमच्यासमोर खातीया. खाल्ल्यावर किती येळ बघायची तेवढी बघा. काय झालं तर मी बाप हाय तिचा, मी जबाबदार." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ये. बस."

मी अंडं उचललं, पण ते मामांसमोर फोडता येईना. मामांनी ते घेतलं. टेबलाच्या कडेवर टिचकवलं आणि अंगठ्यानं सोललं, सरळ, सलग. माळेच्या आधीची, मेंढरांमागं असतानाची सवय असावी, हात विसरले नव्हते. मी त्यांच्या हाताकडं बघत होते आणि मग वर पाहिलं. गळा मोकळा होता. जिथं माळ असायची तिथं कातडीवर फिकट पट्टा राहिला होता.

"खा," मामा म्हणाले. "माज्यासमोर खा."

ते कोरडं अंडं माझ्या घशाखाली उतरेना. मामांनी तांब्यातलं पाणी पाजलं आणि दुसरं सोलायला घेतलं. मी दोन्ही खाल्ली. रडत रडत खाल्ली. नर्स भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती आणि डॉक्टरीणबाई माझ्या ओठांकडं, मानेकडं, हातांकडं. तिला त्या म्हणाल्या, "अजून टाकू नकोस." बराच वेळ बसवून ठेवलं. गांधी उठली नाही, श्वास अडला नाही. शेवटी त्यांनी स्वतःच सुई भरली. बाटलीतली शेवटची लस माझ्या दंडात गेली आणि पिवळ्या कार्डावर शिक्का पडला. तासाची मुदत किती उरली होती की संपली होती, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत मामा खिडकीकडं तोंड करून बसले. मी एकदाच म्हणाले, "मामा, चुकलं माझं." ते म्हणाले, "आता नको." त्यांच्या कोपरीचा खिसा फुगलेला दिसत होता, माळ त्यात होती. घरी आल्यावर त्यांनी ती देवाजवळच्या खिळ्याला अडकवली. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, तुटंल म्हणून काढली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही माझ्यासाठी.

पुढचे दहा दिवस मी कसे काढले ते मला सांगता येणार नाही. दंड सुजला, थोडा ताप आला. फिटर सांगायचा, आज दोन घोट पाणी पिला, आज तेही न्हाय, सलाईनवर ठेवलाय. मी डेअरीच्या पायरीवर बसून असायची आणि मामा लांब बाभळीखाली उभे असायचे. फोन झाला की मी मान हलवायची आणि ते घरी चालू लागायचे.

मी पोचले तेव्हा तो होता. एवढंच, होता. ज्याला सहा फुटाचा म्हणून लग्नात दाखवलं होतं तो गादीत कुठं आहे ते शोधावं लागलं. तिथल्या नर्सनं मला ताट दाखवलं. भाजलेल्या माणसाला अंगात मांस भरायला हवं, म्हणून रोज दोन अंडी यायची आणि रोज तशीच परत जायची. भात जायचा, अंडी जायची, सगळंच जायचं. मी विचारलं, का? तो वडिलांना आबा म्हणायचा. भिंतीकडं बघत म्हणाला, "आबा तिकडं माळ जपतायत आणि मी इथं रोज अंडी खात होतो. पाइप माझ्याच अंगावर का फुटला? शेजारी दोघं उभे होते. आता नाही खाणार. काहीच नको मला."

म्हणजे एक इकडं, एक तिकडं, बापलेक एकाच देवाला वेगवेगळ्या बाजूंनी घाबरत होते. मी ताट ओढलं, अंडं टिचकवलं आणि सोलायला लागले. मामांसारखं सलग मला जमलं नाही, तुकडे तुकडे निघाले. सोलता सोलता मी त्याला सगळं सांगितलं. केंद्र, डॉक्टरीणबाई, वर्तमानपत्राचा पुडा. "तुमच्या आबांनी सोलून दिलं मला. स्वतःच्या हातानं. दोन." त्यानं मान वळवली. कितीतरी दिवसांनी वळवली असेल, मानेला ते दुखलं. "आबांनी?" त्यानं तीनदा विचारलं. मग तो लहान पोरासारखा रडला आणि रडताना त्याचं तोंड उघडलं होतं, तेव्हा मी घास घातला.

आम्ही दोन वर्षांनी परत आलो. तो काठीच्या आधारानं चालत होता. मामा वेशीपर्यंत आले होते. त्यांचा गळा तसाच मोकळा. अंडं त्यांनी स्वतः कधी तोंडाला लावलं नाही, कांदालसूणही नाही, एकादशी चुकली नाही. फक्त माळ खिळ्यालाच होती. सासूबाईंनी मला एकीकडं घेऊन सांगितलं की ज्यांनी माळ घातली त्या महाराजांना विचारून झालं. ते म्हणाले, एक उपास कर, चुकलो म्हण आणि घाल. पण हे ऐकत नाहीत. भजनाला जातात ते मागं, चपलांजवळ बसतात. तू बोल, तुझं ऐकतील.

मामा गोठ्यात होते. मी म्हणाले, "मामा, माळ घाला की. माझ्यामुळं काढलीत. आता तुमचा मुलगा आला घरी."

मामा वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, "घालायची तर आदी चुकलो म्हणावं लागतं पोरी. लई डाव पाटावर बसलो. हात जोडलं. तोंडातनं निघत न्हाय." त्यांनी अंगणात काठी टेकून उभ्या असलेल्या मुलाकडं पाहिलं. "चुकलो न्हाय, तर चुकलो कसं म्हणू?"